कागदाधिवास

देवाची मूर्ती घडवून झाली म्हणून कुणी तिला थेट गाभाऱ्यात नेऊन बसवत नाही. आधी तिला पाण्यात ठेवतात, मग धान्यात. जलाधिवास, धान्याधिवास. हे यथासांग पार पडलं की मग प्राणप्रतिष्ठा. महाराष्ट्रात विद्यार्थ्याची प्रतिष्ठापना करायची तर त्यालाही अधिवास लागतो. फक्त त्याला झेरॉक्समध्ये बुडवतात. तीन प्रती, स्वसाक्षांकित, मूळ प्रत पडताळणीसाठी सोबत. शासन याला अधिवास म्हणतं, पालक डोमिसाइल म्हणतात. मी कागदाधिवास म्हणतो.

माझ्यावर हा संस्कार १९९३ च्या जुलैत झाला. इंदूरहून बी.एस्सी. होऊन पुण्याच्या एका कॉलेजात एम.एस्सी.ला आलो होतो. खिडकीपलीकडे कारकून, त्याच्यापुढे डिंकाची बाटली, बाटलीत ब्रशच्या जागी आगपेटीची काडी. स्वसाक्षांकनाची चैन तेव्हा नव्हती, राजपत्रित अधिकारी गाठावा लागे. मला सापडला तो पशुधन विकास अधिकारी. माझ्या रसायनशास्त्राच्या गुणांवर गुरांच्या डॉक्टरचा शिक्का बसला, तेव्हा कुठे ते गुण खरे ठरले.

"कुठून आलात?"

"इंदूरहून."

"म्हणजे एमपी. मायग्रेशन?"

दिलं.

"एलिजिबिलिटी?"

"ती तर इथूनच मिळते ना?"

"इथून फॉर्म मिळतो. एलिजिबिलिटी विद्यापीठ देणार. तोवर प्रवेश प्रोव्हिजनल."

पाच मिनिटांनी त्याने विचारलं, झालं का? मी म्हटलं, भरून राहिलोय. त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याच्या टेबलावर चपला ठेवल्या. "भरून राहिलोय नाही हो, भरतोय." मग फाइलवर लाल शाईने ओएमएस लिहिलं, म्हणजे आउटसाइड महाराष्ट्र स्टेट, आणि वर मान करून अगदी मनापासून म्हणाला, "पण मराठी छान बोलता हां तुम्ही. कुठे शिकलात?"

एकाच माणसाने एकाच खिडकीतून पाच मिनिटांत माझं मराठी दुरुस्त केलं, माझ्या मराठीचं कौतुक केलं आणि मला महाराष्ट्राबाहेर काढलं. काय उत्तर देणार? आमच्या घरी पाच पिढ्या मराठी आहे, रोज संध्याकाळी रामरक्षा होते आणि सकाळी पोह्यांवर शेव पडते, हे सांगायला त्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता. "घरीच शिकलो," म्हटलं. "वा," तो म्हणाला. गृहउद्योगाचं करतात तसं कौतुक.

त्या कारकुनावर माझा आजही राग नाही. तो बिचारा नियमाचा चाकर. माझं भांडण त्या नियमाशी आहे. आणि त्याहून जास्त त्या थोर मंडळींशी, जी व्यासपीठावर 'जिथे मराठी माणूस, तिथे महाराष्ट्र' म्हणून टाळ्या घेतात आणि मंत्रालयात परतल्यावर त्याच मराठी माणसाच्या पोराला विचारतात, दहावी कुठून झाली?

अहिल्याबाई होळकरांचंच घ्या. जन्म १७२५ चा, चौंडीचा. सासर माळव्यात, राजधानी नर्मदेकाठी महेश्वरला. इंदूरच्या विद्यापीठाला त्यांचं नाव, सोलापूरच्या विद्यापीठाला त्यांचं नाव, आता तर अख्ख्या जिल्ह्याला त्यांचं नाव. नाव मध्य प्रदेशातून इकडे यायला कुणाची हरकत नाही. नावाला मायग्रेशन लागत नाही. पण महेश्वरच्या घाटावर वाढलेली एखादी मराठी मुलगी त्याच नावाच्या विद्यापीठाच्या दारात आली, की ती बाहेरची.

किंवा हे पाहा. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेले महाराज सयाजीराव १९१३ मध्ये बडोद्याच्या तिजोरीतून शिष्यवृत्ती देऊन महूत जन्मलेल्या भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या विद्यापीठात पाठवतात. महू आमच्या इंदुराच्या कुशीतलंच. या एका वाक्यात चार मुलुख आहेत आणि सगळे एकमेकांना परके. आजच्या पद्धतीने छाननी केली असती तर या प्रकरणावर तीन आक्षेप निघाले असते आणि 'सक्षम प्राधिकाऱ्याचा दाखला जोडावा' असा शेरा मारून फाइल परत आली असती. सयाजीरावांनी करारात बडोद्याच्या नोकरीची अट घातली होती, हे खरं. पण त्यांनी पुढची चाकरी मागितली, मागची इयत्ता नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता भाच्याची कथा.

माझी ताई लग्न होऊन पुण्यातच आली. भाचा पुण्यात जन्मला, आठवीपर्यंत पुण्यात शिकला. मग भाऊजींच्या खासगी कंपनीने त्यांना दोन वर्षांसाठी हैदराबादला पाठवलं. पोराची नववी-दहावी तिकडे झाली. अकरावीला सगळे परत पुण्यात, त्याच घरात, त्याच कामवाल्या मावशींकडे. बारावी पुण्यातून. यंदा त्याने वैद्यकीय प्रवेशासाठीची 'नीट' परीक्षा दिली, मार्क बरे पडले. ताईने पेढे आणले. मग माहितीपुस्तिका उघडली.

राज्याच्या कोट्यातल्या ८५ टक्के जागांसाठी ढोबळ नियम असा, की अधिवास तर हवाच, शिवाय दहावीही महाराष्ट्रातून हवी आणि बारावीही. बदली झालेल्या सरकारी नोकरांच्या मुलांना सवलती आहेत. खासगी नोकरीत बदली ही बहुधा हौसेने घेतात, असा शासनाचा समज असावा. म्हणजे भाचा गेला. ताई म्हणाली, मग तेलंगणाचा तरी धरतील ना? तेलंगणाचा नियम तर आणखी खमंग आहे. तिथे स्थानिक ठरायला नववी ते बारावी सलग चार वर्षं तिकडे हवीत. याची दोनच. महाराष्ट्राला दोन वर्षं कमी पडली, तेलंगणालाही दोनच. दोन्ही राज्यांनी पोराला मधोमध कापलं आणि अर्धा-अर्धाही कुणी घेतला नाही. विश्वामित्राने त्रिशंकूसाठी निदान वेगळा स्वर्ग तरी उभा केला होता. इथे देशभराच्या १५ टक्क्यांच्या रांगेत उभं राहा म्हणतात.

आणि खरी गंमत पुढेच. हाच पोरगा, हेच कागद, हेच आधार कार्ड घेऊन अभियांत्रिकीच्या प्रवेशाला गेला, तर अस्सल महाराष्ट्राचा ठरतो! तिथे 'टाइप बी' नावाची सोय आहे. स्वतःचा किंवा आई-वडिलांपैकी एकाचा अधिवास दाखवला की झालं, दहावी कुठलीही चालते. म्हणजे पूल बांधायचा असेल तर तो भूमिपुत्र आणि अपेंडिक्स काढायचं असेल तर उपरा. राज्य तेच, पोरगा तोच. मातीशी असलेलं नातं शाखेनुसार बदलतं, हा शोध महाराष्ट्राचा. नागार्जुनाच्या शून्यवादात असं काही सापडलं तर मला जरूर कळवा.

बरं, या टाइपांची वर्णमाला पाहिलीत का? ए, बी, सी, डी आणि ई. ए म्हणजे दहावी-बारावी इथली आणि जन्म किंवा अधिवासही इथला. सी केंद्र सरकारच्या नोकरांच्या मुलांसाठी, डी राज्य सरकारच्या. ई सर्वांत मजेशीर. ती महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या, आपण हक्क सांगतो त्या ८६५ गावांतल्या मुलांसाठी. तिथे मातृभाषा मराठी असल्याचा दाखला मागतात. नीट वाचा. मराठी राज्याच्या या अख्ख्या वर्णमालेत मराठी भाषेचा प्रश्न निघतो तो फक्त कर्नाटकातल्या मुलांपुढे. पुण्यात जन्मून, इथेच शिकून 'आय डोन्ट नो मराठी' म्हणणारा टाइप ए. आणि इंदूर, बडोदा, तंजावर, पणजी इथला मराठी? त्याच्यासाठी इंग्रजीत २६ अक्षरं आहेत, पण एकही शिल्लक नाही. बेळगावकरांना मिळतं त्याचा मला आनंदच आहे, त्यांनी त्यासाठी लाठ्या खाल्ल्यात. मला एवढंच कळत नाही, की ज्या मुलखावर आपला दावा नाही तिथली मराठी ही कुठली भाषा असते?

आता मी इंदूरची बाजू घेतोय असं वाटत असेल तर थांबा. आमचं इंदूर या धंद्यातलं मूळ पीठ आहे.

इंदूरला महात्मा गांधी स्मारक मेडिकल कॉलेज आहे. १९५२ च्या जुलैत तिथे दिल्लीचा एक विद्यार्थी दाखल झाला. तेव्हा इंदूर मध्य भारत नावाच्या राज्यात होतं. त्या राज्याचा नियम असा, की राज्याच्या अस्सल रहिवाशांना कॅपिटेशन फी नाही आणि बाहेरच्यांना वर्षाला १५०० रुपये. त्या काळचे पंधराशे! विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेला. 'डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य', निकाल जानेवारी १९५५. पाच न्यायमूर्तींपैकी चार म्हणाले, फी बरोबर आहे. युक्तिवाद मोठा सुबक होता. घटनेचं १५ वं कलम धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई करतं. निवासस्थान त्या यादीत नाही. ते १६ व्या कलमात आहे, पण ते कलम सरकारी नोकऱ्यांचं. तेव्हा कुठे जन्मलास म्हणून अडवायचं नाही, कुठे राहतोस म्हणून अडवायला हरकत नाही. जन्मस्थान आणि निवासस्थान यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या बोळातून गेली ७० वर्षं राज्यांच्या हत्तींची मिरवणूक चालली आहे. (टाइप ए मध्ये पर्याय म्हणून का होईना, 'जन्म महाराष्ट्रातला' असं लिहिलंय. बोळाच्या भिंतीला हत्तीचा खांदा घासतोय, पण आपण बघितलं नाही असं समजा.)

पुढचं ऐका. ज्या मध्य भारताच्या अस्सल रहिवाशांसाठी एवढा घटनात्मक खल झाला, ते राज्य १ नोव्हेंबर १९५६ ला नकाशावरून पुसलं गेलं. निकालानंतर दोन वर्षंसुद्धा टिकलं नाही. मध्य प्रदेशात विलीन. काल जे बाहेरचे होते ते भोपाळवाले एका रात्रीत आतले झाले. कुणाच्या रक्तात काही बदललं नाही, कुणी घर हलवलं नाही. दिल्लीत एका कायद्यावर सही झाली.

१९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयालाच याचा उबग आला. न्यायालयाने सांगितलं, की भारतात डोमिसाइल एकच, भारताचं. राज्याचं डोमिसाइल अशी चीज नाही, आणि राज्यांनी आपल्या प्रवेशनियमांतून हा शब्द काढून टाकावा. राज्यांनी काय केलं? शब्द जपून ठेवला. जानेवारी २०२५ मध्ये, चंडीगडच्या मेडिकल कॉलेजच्या प्रकरणात न्यायालयाला तेच पुन्हा सांगावं लागलं आणि पदव्युत्तर वैद्यकीय जागांचं निवासावर आधारलेलं आरक्षण घटनाबाह्य ठरलं. एमबीबीएसचं मात्र चालू आहे. म्हणजे डॉक्टर होईपर्यंत तुम्ही महाराष्ट्राचे, सर्जन व्हायला निघालात की भारताचे.

आपल्याकडच्या दाखल्याचं पूर्ण नाव मोठ्याने वाचून पाहा: 'वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र'. एकाच कागदावर शासन लिहून देतं, की हा भारतीय आहे, आणि त्याच्याच पुढच्या ओळीत, की तेवढं पुरेसं नाही.

समोरच्यांचा युक्तिवाद मला पाठ आहे. करदात्यांचा पैसा, आमची पोरं, आमच्या खेड्यांना डॉक्टर. शेवटचा मुद्दा खराच वजनदार आहे, त्याची टिंगल मी करणार नाही. गडचिरोलीला डॉक्टर हवाच. पण त्यासाठी उपाय आधीच आहे. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस होणाऱ्याकडून एक वर्षाच्या सेवेचं बंधपत्र लिहून घेतात. सयाजीरावांची पद्धत, आधी शिका, मग चाकरी करा. चाकरी हवी तर ते बंधपत्र कडक करा, वर्षाचं तीन वर्षं करा, पळवाटा बुजवा. पोराने दहावीत भूगोलाचं पुस्तक बालभारतीचं वाचलं होतं की तेलंगणाचं, याने गडचिरोलीतल्या धानोऱ्याच्या बाळंतिणीला काय फरक पडतो?

आणि करदाते? भाऊजी हैदराबादची ती दोन वर्षं सोडली तर आयुष्यभर पुण्यात व्यवसाय कर भरत आलेत. त्यांच्या पावत्या कुणी मागितल्या नाहीत.

शिवाय दहावी-बारावीच्या अटीतून नेमकं कोण निसटतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पोरगा दोन वर्षं राजस्थानात कोट्याला असतो. तिथे राहतो, तिथे जेवतो, तिथेच क्लास करतो. त्याचं नाव मात्र महाराष्ट्रातल्या एखाद्या ज्युनियर कॉलेजच्या हजेरीपटावर ठणठणीत असतं. प्रॅक्टिकलच्या आठवड्यात येतो, जर्नलवर सह्या घेतो, जातो. त्याला त्या कॉलेजचा जिना कुठल्या बाजूला आहे ते ठाऊक नसतं. पण बारावी महाराष्ट्रातून! तो भूमिपुत्र. आणि दोन वर्षं खरोखर महाराष्ट्रात राहून, पावसात भिजत, पीएमपीएमएलच्या बसला लोंबकळत अकरावी-बारावी केलेला माझा भाचा परप्रांतीय. देह कुठे आहे याला महत्त्व नाही, कागद कुठे आहे ते सांगा. अद्वैतवाल्यांनी इतकी वर्षं घसा कोरडा करून जे सांगितलं, ते आमच्या शिक्षणखात्याने अंमलात आणून दाखवलं.

एक प्रकरण मात्र हसण्यासारखं नाही. १९९० चा घटनापीठाचा निकाल, मुंबईतल्याच एका मेडिकल कॉलेजच्या प्रवेशाचा. आंध्रातला अनुसूचित जमातीचा मुलगा. वडिलांना त्याच राखीव कोट्यातून सरकारी कंपनीत नोकरी मिळाली आणि नोकरीनेच त्यांना मुंबईला आणलं. मुलगा लहानपणी आला, मुंबईत शिकला. प्रवेशाच्या वेळी त्याला सांगितलं, की तुमची जमात आंध्रात अनुसूचित, इथे नाही. घटनापीठाने ते मान्य केलं. कायद्याची बाजू त्यातही आहे, मी नाकारत नाही. पण आपल्याकडे जात मेल्यावरसुद्धा सुटत नाही म्हणतात, स्मशानं वेगळी असतात. तीच जात राज्याची हद्द ओलांडली की सवलतीपुरती गळून पडते. अपमानापुरती मात्र रिझर्व्हेशनच्या डब्यात शेजारीच बसून येते.

आणि हा बाहेरचा-आतला खेळ राज्याच्या सीमेवर थांबतो, असं समजू नका. अभियांत्रिकीत 'होम युनिव्हर्सिटी' आणि 'अदर दॅन होम युनिव्हर्सिटी' आहेच. वैद्यकीयला २०२० पर्यंत ७०-३० चं सूत्र होतं, ७० टक्के जागा त्या-त्या विभागाच्या मुलांना. लातूरच्या पोराला पुणं परकं, पुण्याच्याला नागपूर. अजून थोडा धीर धरला असता तर सदाशिव पेठेसाठी स्वतंत्र कोटा निघाला असता आणि नारायण पेठ 'ओएमएस' झाली असती.

गंमत अशी, की ज्या पुण्याच्या खिडकीने मला बाहेरचा ठरवलं, ते शहर बाहेरच्यांच्या जिवावरच जेवतं. मी ज्या वाड्यात कॉट बेसिसवर राहिलो तिथे एका खोलीत पाच कॉट होत्या आणि पाच राज्यं. मालकीणबाईंनी कधी कुणाला अधिवास विचारला नाही. डिपॉझिट विचारलं आणि रात्री दहानंतर दिवा चालणार नाही हे सांगितलं. खानावळवाल्या काकूंकडे महिन्याला चारपेक्षा जास्त खाडे धरत नसत, मग तुम्ही सांगलीचे असा की सिलचरचे. पैशापुढे सगळे समान. एवढं घटनात्मक तत्त्व पेठेतल्या एका खानावळीत होतं.

तत्त्व तेच, फक्त खानावळ मोठी झाली आहे. ताईच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर एक अभिमत विद्यापीठ आहे, मेडिकल कॉलेजसकट. चौकशीला मी आणि भाचा गेलो. एसी लाउंज, काचेच्या टीपॉयवर रंगीत ब्रोशर, थंड पाणी. समोरची मुलगी गोड इंग्रजीत बोलली. मी सवयीने फाइल उघडून दहावीची मार्कशीट पुढे केली. "सर, दहावी कुठलीही चालेल," ती म्हणाली. "डोमिसाइल?" "नाही लागत, सर." मला क्षणभर भरून आलं. अखेर प्रदीप जैनचा निकाल पाळणारी एक संस्था सापडली! मग तिने फीचं पान उघडलं. वर्षाला वीस लाखांच्या वर, हॉस्टेल वेगळं. भाऊजींचा फ्लॅट विकला तर तीन वर्षं निघतील, चौथ्यासाठी काय विकायचं ते ब्रोशरमध्ये नव्हतं.

सरकारी दारात पोरगा परका, कारण दहावी हैदराबादची. धंदेवाईक दारात तो सन्माननीय भारतीय नागरिक, कारण तिथे नागरिकत्व चेकने मोजतात. भाचा परत येताना रिक्षात काही बोलला नाही. घरी येऊन अभियांत्रिकीचा फॉर्म भरला. टाइप बी.

तर वाचकहो, तुमच्या कंपनीने बदलीचं पत्र हातात ठेवलं, की पगारवाढीचा आकडा बघण्याआधी पोराची इयत्ता बघा. सहावी असेल तर खुशाल जा, सातवीलाही फार तर एक वर्ष काढून या. आठवीत असेल तर आजच नाही म्हणून कळवा, लेखी कळवा, आणि त्याची झेरॉक्स ठेवा.